चारही चाकांनी सोनाबाईच्या पाड्यावर

नाशिक: तयारी

हरसूल नाशिकपासून फार लांब नाही. सकाळचा चहा घेऊन निघालेला माणूस बाजार भरायच्या आत तिथे पोहोचतो. हरसूलच्या पुढे मात्र किलोमीटर सांगून उपयोग नसतो. वाट ओली आहे की कोरडी, चढती आहे की उतरती, आणि तुमच्याबरोबर म्हातारं माणूस आहे की नाही, एवढंच तिथे विचारतात. माझ्याबरोबर होतं. माझी आत्या, वय बहात्तर, दोन्ही गुडघे निकामी, जीभ शाबूत.

आत्या सरकारी नर्स होती. लग्न केलं नाही. नोकरीची पहिली अकरा वर्षं तिने हरसूलच्या पलीकडच्या डोंगरात पायी काढली, खांद्याला औषधांची पिशवी आणि हातात काठी. तिच्या जोडीला होती सोनाबाई, तिथल्या एका पाड्यावरची सुईण. मूल सोडवायचं काम सोनाबाईचं, टाके आणि इंजेक्शनं आत्याची. पुढे आत्याची बदली झाली, दोघी म्हाताऱ्या झाल्या, आणि गाडीरस्ता नसलेल्या त्या पाड्यावर जाणं बंद झालं.

भेट थांबली, निरोप थांबले नाहीत. द्राक्षांच्या हंगामात त्या डोंगरातल्या बायका नाशिकजवळच्या बागांत कामाला येतात. त्यांतली एखादी दरवर्षी आत्याच्या दारात उभी राहून सोनाबाईचा निरोप सांगते. निरोप सांगायची त्यांची पद्धत मला फार आवडते. आपण 'बरी आहे म्हणाली' म्हणून मोकळे होतो. त्या बायका सोनाबाईचे शब्द जसेच्या तसे सांगतात, तिच्या सुरात, ती जिथे थांबली असेल तिथे थांबून. मग आत्याने उत्तर द्यायचं आणि त्या बाईने ते एकदा म्हणून दाखवायचं. चुकलं तर आत्या दुरुस्त करते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका वर्षी निरोप आला तो असा: "मी मेल्यावर येशील तर मला काय दिसनार? जिती हाय तवर ये."

आत्या म्हणाली, "सांग तिला, माझा भाचा जीप घेतोय. दिवाळी झाली की येते."

भाचा म्हणजे मी. मी जीप घेत नव्हतो. मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो आणि स्कूटरवर खूश होतो. पण त्या बाईने ते वाक्य माझ्यादेखत तीनदा म्हणून पाठ केलं. एकदा निरोप डोंगर चढला की तो परत बोलावता येत नाही.

अशा रीतीने वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी लष्कराने लिलावात काढलेली, तीन मालक पाहिलेली एक जीप घेतली. चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी होती, एवढाच तिचा गुण. बाकी सगळं रफीकभाईंनी केलं. रफीकभाई म्हणजे नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजचे मालक. जुन्या जीपगाड्यांशी ते घरच्या म्हशीशी बोलावं तसं बोलतात.

दर रविवारी सकाळी ते मला गंगापूर धरणाच्या काठावर घेऊन जात. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की तिथे काळी, भेगाळलेली जमीन उघडी पडते. वरून कोरडी, आतून लोण्यासारखी. पहिल्या रविवारी मी दहा मिनिटांत जीप रुतवली. रफीकभाई दगडावर बसून शेंगा खात होते.

"साहेब, चिखलात कोण बसतो माहितीये? जो घाबरतो तो क्लच दाबतो, जो क्लच दाबतो तो बसतो. गाडी चालतेय ना? चालू द्या. तुम्ही मधे मधे बोलू नका."

तीन महिन्यांत मी बरंच शिकलो. छोट्या लिव्हरने सगळ्यात हळू गिअर टाकला की जीप बैलासारखी चालते आणि बैलापेक्षा जास्त ओढते. चिखलात शिरण्याआधी टायरमधली हवा थोडी कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि जमीन धरतो. उतारावर ब्रेक नाही, गिअर. स्टिअरिंगवर अंगठे आत अडकवायचे नाहीत. दगडाने चाक फिरवलं तर अंगठा जातो. मी हे सगळं वहीत लिहून ठेवलं. रफीकभाईंनी वही पाहून विचारलं, "गाडी चालवायचीये की परीक्षा द्यायचीये?"

हळूहळू जीप बदलत गेली. मोठ्या खाचांचे टायर आले. स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एकेक जादा पाटा टाकला. पुढेमागे ओढायचे हुक आले, जाड दोर आला, आणि आत्याला धरायला डॅशबोर्डवर लोखंडी दांडा बसला. जीप चांगली वीतभर उंच झाली. तिच्याकडे पाहून माझा ऊर भरून येत असे.

मग आत्याला दाखवायला आणली. आत्या फाटकाशी उभी राहिली, तिने जीपच्या दाराकडे पाहिलं, आपल्या गुडघ्याकडे पाहिलं.

"वसंता, ही गाडी कोणासाठी केलीस?"

"तुझ्यासाठी."

"मग मी हिच्यात चढू कशी? उडी मारू?"

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. रफीकभाई म्हणाले, पायरी वेल्ड करू, पण खाली लोंबणारी पायरी पहिल्याच दगडाला अडकेल. शेवटी उपाय आत्यानेच काढला. परसात द्राक्षांची एक जुनी लाकडी पेटी उपडी पडली होती. ती जीपशेजारी ठेवली, आत्याने एक पाय पेटीवर, एक हात दांड्यावर ठेवला आणि ती आत गेली. पेटीला मी दोरीची कडी लावली आणि यादीत लिहिलं: पेटी, एक.

यादी एकेचाळीस बाबींची झाली. ऑफिसात टाइप करून घेतली, तीन प्रती काढल्या. निघायच्या आदल्या संध्याकाळी रफीकभाईंनी शेवटची वस्तू बसवली: पुढच्या चाकांचे नवे हब. हब म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी मुठीएवढी गोल कळ. ती मोकळी ठेवली की पुढची चाकं नुसती घरंगळतात, त्यामुळे डिझेल वाचतं आणि स्टिअरिंग हलकं राहतं.

"जुन्या गाडीत लिव्हर टाकली की झालं," रफीकभाई म्हणाले. "आता खाली उतरावं लागेल, साहेब. लक्षात ठेवा."

मी 'हो हो' म्हणालो. यादी तेव्हा टाइप होऊन खिशात होती.

हरसूल

त्र्यंबकच्या पुढे घाट उतरलो तसं हवेचं वजन बदललं. दोन्ही बाजूंना खुरासणीची शेतं पिवळीधमक फुलली होती. आपल्याकडे द्राक्षांच्या बागेत तारा, खांब, फवारे. सगळं आखलेलं असतं. इथे शेत जिथे जमेल तिथे चढलेलं, जिथे दगड लागला तिथे थांबलेलं. आत्या दांडा धरून ताठ बसली होती आणि एकेका वळणाचं नाव घेत होती. ती नावं नकाशात नाहीत. "इथे मला साप आडवा गेला होता." "हे तीन पोरांचं वळण." मी विचारलं, तीन पोरांचं का? म्हणाली, "एका पावसाळ्यात तीन बायका दवाखान्याच्या वाटेवर इथवर पोहोचल्या आणि इथेच बाळंत झाल्या. तिघी सुखरूप."

हरसुलात बाजार भरत होता. नवा तांदूळ, सुकी मासळी, लुगडी, कोयते. बाजार मी नाशिकलाही रोज पाहतो, पण इथे खरेदीपेक्षा बोलणं जास्त चालतं. लोक चार तास चालून येतात, मीठमिरची घेतात आणि दहा पाड्यांच्या बातम्या घेऊन परततात.

तिथे आम्हाला काशिनाथ भेटला. सोनाबाईचा पुतण्या, वय तिशी-पस्तिशीतलं, हरसूल-त्र्यंबक काळी-पिवळी जीप चालवणारा. त्याच्या जीपमध्ये नऊ माणसांची जागा आहे आणि तो एकवीस बसवतो. आमच्या जीपला त्याने दोन प्रदक्षिणा घातल्या, टायरवर थाप मारली.

"लय भारी हाय हो गाडी. किती शिटं घेता?"

"दोन," मी म्हणालो.

त्याला माझी कीव आली. वाट दाखवायला तो बरोबर यायचा होता. मी त्याला मागे बसायला सांगितलं, तर म्हणाला, "आत बसलो का मला मळमळतं. मी एक तर ष्टेरिंगवर बसतो, नायतर लटकतो." आणि तो मागच्या फळीवर उभा राहिला तो शेवटपर्यंत.

पाड्याची वाट

डांबर संपल्यावर थोडा वेळ मुरूम होता, मग तोही संपला. पुढे बैलगाडीची चाकोरी, तीही मधल्या उंचवट्यावर गवत वाढलेली. मी थांबलो, टायरची हवा कमी केली, छोटी लिव्हर टाकली, चारही चाकांची लिव्हर टाकली, यादीवर खुणा केल्या. आत्या म्हणाली, "झाली का पूजा?"

पहिला नाला आम्ही सहज ओलांडला. पाणी घोट्याएवढं, खाली गोटे. जीप एकेका गोट्यावर पाय ठेवल्यासारखी गेली. मला फार अभिमान वाटला. त्यानंतर वाट भाताच्या खाचरांमधून जात होती. भात कापून झाला होता, पण एका खाचराला वरून झरा होता आणि ते अजून ओलं होतं. लांबी असेल साठ पावलं. पलीकडे लगेच खडकाळ चढ, आणि चढाच्या माथ्यावर पाडा. कौलं दिसत होती. माथ्यावर माणसंही जमलेली दिसत होती.

मी रफीकभाईंचं सगळं आठवत, क्लचला पाय न लावता आत घुसलो. वीस पावलं गेलो. मग मागून चिखलाचा फवारा उडाला, काशिनाथ ओरडला, आणि जीप मागच्या बाजूने हळूच खाली बसली.

मी यादी काढली. लिव्हर टाकली आहे. छोटा गिअर आहे. हवा कमी आहे. सगळ्यांवर खूण होती. पुन्हा प्रयत्न केला, जीप आणखी बसली. टायरखाली पेंढा टाकला, तो चिखलाने गिळला. दोर बांधायला झाड नव्हतं. पुन्हा यादी वाचली. चारही चाकं फिरत असतील तर गाडी अशी बसता कामा नये. म्हणजे गिअरबॉक्समधलं काहीतरी तुटलं, असा मी निष्कर्ष काढला. तसं असेल तर पुढे जाणं नव्हतंच. हरसूलहून ट्रॅक्टर आणायचा, ओढून काढायचं आणि नाशिक. हे मी आत्याला शक्य तितक्या सरळ शब्दांत सांगितलं.

तिच्याकडून टोमणा आला असता तर मला बरं वाटलं असतं. ती वर पाड्याकडे पाहत होती. मग तिने वाकून एकेक चप्पल काढली आणि मांडीवर ठेवली.

"हे खाचर मी पावसात ओलांडलंय," ती म्हणाली. "पेटी लाव."

"आत्या, पुढे चढ आहे."

"मला दिसतोय. पेटी लाव म्हटलं ना."

मी पेटी काढली, पण चिखलात ती ठेवणार कुठे? मी पेटी हातात घेऊन उभा, आत्या चपला मांडीवर घेऊन बसलेली. काशिनाथ मात्र जीपभोवती फिरत होता, गुडघ्यापर्यंत चिखलात. पुढच्या चाकाशी तो थांबला.

"साहेब, ही म्होरली चाकं झोपलीत का?"

"म्हणजे?"

"मागली बघा, खाचांत चिखुल ठासून भरलाय. म्होरल्यांना निसता लेप. निसती बसून हायत. गाडी बसल्यापासून फिरलीच नाय ती."

मी पाहिलं. पुढच्या टायरच्या खाचा अजून उघड्या दिसत होत्या. आणि चाकाच्या मधोमध रफीकभाईंनी बसवलेली नवीकोरी कळ चमकत होती, 'मोकळी' या खुणेवर.

आता खाली उतरावं लागेल, साहेब.

मी पेटी काशिनाथकडे दिली, चिखलात गुडघे टेकले आणि कळ फिरवली. टक. पलीकडे गेलो. टक. अठ्ठावीस वर्षं स्टोअर सांभाळणारा माणूस मी. यादीत नाही ती वस्तू जगात नाही, असं मी नकळत धरून चाललो होतो.

या वेळी लिव्हर टाकली तेव्हा आधी जीपचं नाक हललं. पुढच्या चाकांनी चिखल पकडला, ओढला, मागची वर आली, आणि जीप त्या खाचरातून अशी निघाली की काशिनाथने मागून शिट्टी मारली. न थांबता खडकाचा चढ धरला. एक चाक हवेत, तीन दगडावर. मग दुसरं हवेत. इंजिनाचा आवाज एकदाही चढला नाही. लोखंडाच्या त्या जुन्या यंत्राबद्दल मला जितका आदर वाटला, तितका आजवर कुठल्या माणसाबद्दलही क्वचित वाटला असेल.

आत्याने चपला परत पायात घातल्या.

"यादीत नव्हतं वाटतं," ती म्हणाली.

पाडा

सोनाबाई दारात बसली होती, कुडाच्या भिंतीला टेकून. अंगाने मूठभर, केस पांढरेशुभ्र. अंगण ताज्या शेणाने सारवलेलं होतं. आत्या पेटीवरून उतरली, काठी टेकत गेली आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसली. मला वाटलं होतं, रडतील.

"आलीस?"

"आले."

"मी वरून बघत व्हते. गाडी खाचरात बसली तवा म्हटलं, आता ही चालत येनार."

"चपला काढल्या होत्या."

"ते पन बघितलं," सोनाबाई म्हणाली. आणि आत्याचा पाय ओढून तिने आपल्या मांडीवर घेतला आणि गुडघा दाबायला लागली. आत्याने तिचं मनगट धरून नाडी मोजली. बराच वेळ दोघी एकमेकींना तपासत होत्या.

जेवायला नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाचं भुजं आणि खुरासणीची चटणी होती. भुजं म्हणजे भाजलेल्या उडदाचं घट्ट वरण. ते गरम भाकरीशी खाल्लं की आमटी-भाताला परत जायला मन राजी होत नाही. आपण पाहुण्याला आग्रह करकरून वाढतो. इथे भांडं मध्ये ठेवतात आणि विचारत नाहीत. तुम्ही मागे सरकलात की उचलतात. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, तरी कोणी मोजल्यासारखं दाखवलं नाही. शेवटी कोरा चहा आला.

बोलता बोलता कळलं, सोनाबाई चार वर्षं हरसूलच्या बाजाराला गेली नव्हती. पाड्यावरचे लोक आजाऱ्याला झोळीतून नेतात. बांबूला कापड बांधायचं, चौघांनी खांदा द्यायचा. काशिनाथ म्हणाला, "आमी कितीदा बोललो, काकी, झोळीत घालून नेतो. ऐकत नाय."

सोनाबाई उसळली. "झोळीत जाती ती अडलेली बाई. जल्मभर मी बायांना झोळीत घालून पाठवलं. आता बाजारात मीच झोळीतून उतरू? लोक म्हनतील, सोना अडली."

मी लगेच म्हणालो, "मावशी, मग आमच्या जीपमधून चला. आत्ताच चला."

ती मान तिरकी करून जीपकडे पाहत राहिली. नंतर उठली. काशिनाथने पेटी दाराशी लावली. सोनाबाईने दांडा धरला, पाय उचलला. पाय पेटीच्या निम्म्यापर्यंत आला आणि थांबला. पुन्हा उचलला. तिथेच थांबला. काशिनाथ तिला उचलायला पुढे झाला, तर तिने त्याचा हात झटकला.

"नाय चढत," ती म्हणाली आणि परत येऊन भिंतीला टेकून बसली. जीप मला अचानक फार उंच वाटायला लागली.

मी सामान आवरू लागलो. दोघी एकमेकींच्या कानाशी लागून काहीतरी बोलत होत्या. आत्याचा तो जुना हुकमी सूर ऐकू येत होता, ज्या सुरात ती गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगते. निघताना सोनाबाईने तांदळाचं गाठोडं दिलं. आत्याला काशिनाथ आणि मी दोघांनी हात देऊन आत चढवलं. खाचराच्या अलीकडे मी थांबलो, उतरलो आणि न विसरता दोन्ही कळा तपासल्या.

पुन्हा नाशिक

घरी पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मी जीपच्या मागे गेलो, पेटी काढायला. पेटी नव्हती. सीटखाली नव्हती, दोराखाली नव्हती. यादीवर मात्र 'पेटी, एक' पुढे परतीची खूण होती. मी न पाहताच केलेली.

आत्या दांडा धरून बसली होती, माझी शोधाशोध बघत.

"सगळं बघून झालं? आता शेजारून स्टूल आण. पेटी सोनाच्या दारात आहे."

"विसरलो आपण?"

"तू विसरलास. मी ठेवली. तिला सांगितलंय, भिंत धरून रोज सकाळी दहा वेळा आणि संध्याकाळी दहा वेळा पाय उचलायचा. आधी निम्मा, मग पुरा. औषधच आहे ते."

"आणि जमलं नाही तर?"

"सुईण आहे ती," आत्या म्हणाली. "बायांना कळा द्यायला लावण्यात जन्म गेला तिचा. स्वतः नाही देणार? जा, स्टूल आण, माझे पाय सुजलेत."

द्राक्षांचा हंगाम आला. एका दुपारी डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई आत्याच्या दारात उभी राहिली. पाणी प्याली, पदर नीट केला आणि सोनाबाईच्या सुरात, सोनाबाई जिथे थांबली असेल तिथे थांबत, म्हणाली:

"सोना म्हनते, पेटीवर चढते. उतरते पन. आता बाजाराला गाडी धाड." इथे ती थांबली. "अन् तुझ्या भाच्याला सांग, म्होरली चाकं जागी करून आन."

मी कागद काढला आणि पहिल्या ओळीवर लिहिलं: हब. पुढे दोर, हवा, डिझेल. आत्या चष्मा लावून खांद्यावरून वाचत होती. 'पेटी, एक' असं लिहिलं तेव्हा तिने माझ्या हातातून पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: स्टूल, माझ्यासाठी.